दिवसा चांदण्या

"अण्णा, ऊन कुठवर आलंय?"

"हिरड्याच्या शेंड्यावर आहे अजून. घाई करू नकोस."

पण मला घाई होतीच. स्टँडचे तिन्ही पाय कातळावर पक्के बसवायचे होते, कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेकडं उचलून धरायचं होतं, फोकसचं कडं शेवटच्या टोकाला नेऊन त्यावर चिकटपट्टी मारायची होती. आणि हे सगळं सूर्य डोंगराआड जायच्या आत. दुसरा कुणी फोटोग्राफर असता तर निवांत चहा पीत अंधाराची वाट बघत बसला असता. ताऱ्यांचा फोटो काढायचा म्हणजे अंधारच हवा. माझं उलटं होतं. अंधार पडला की मला माझा स्वतःचा हातसुद्धा दिसत नसे.

हे जन्मापासूनचं. दिवसा मी सुईत दोरा ओवायची, पण कातरवेळ झाली की जग पुसल्यासारखं व्हायचं. दिवा समोर असला तर दिव्याचा ठिपका दिसे, दिव्याचा उजेड जिथं पडतो ते मात्र नाही. लहानपणी उन्हाळ्यात आम्ही सगळे गच्चीवर झोपायचो. मामा बोट वर करून विचारायचा, "वैजू, सप्तर्षी दिसले का?" मी "दिसले" म्हणायची. मला वाटायचं, तारे म्हणजे देवासारखं काहीतरी असणार. आहेत असं सगळे म्हणतात, म्हणून आपणही म्हणायचं. शाळेत जायला लागल्यावर कधीतरी कळलं, की बाकीच्यांना ते खरोखरच दिसतात.

पाटणच्या बाजारपेठेत, घराच्याच पुढच्या भागात आमचं 'प्रभात फोटो' हे दुकान होतं. माझे वडील, अण्णा, लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो करायचे. डार्करूम माझ्याकडं होती. तिथं मी राणी होते. फिल्म रिळावर चढवायची ती पूर्ण काळोखात, त्यात भल्याभल्यांची बोटं अडखळतात. माझी कधीच नाहीत. प्रिंट काढताना लाल दिवा लागतो, तो असला काय नि नसला काय, मला सारखाच. मी मनात आकडे म्हणत कागद रसायनाच्या एका ताटातून दुसऱ्या ताटात घालायची आणि प्रिंट बरोबर यायची.

आईनं मात्र माझ्या डोळ्यांची गोष्ट घराच्या उंबऱ्याबाहेर जाऊ दिली नव्हती. संध्याकाळच्या हळदीकुंकवाला "वैजूचं डोकं दुखतंय." रात्रीच्या वरातीला "वैजूला बरं नाही." मला बघायला पाहुणे यायचे तेही सकाळच्याच वेळी. मी एकवीस वर्षांची होते आणि कऱ्हाडकडचं एक स्थळ जवळजवळ ठरत आलं होतं.

त्या वर्षी एका औषधकंपनीचं कॅलेंडर दुकानात आलं. त्यात कुठल्याशा परदेशी डोंगरावर पांढऱ्या रेघांची वर्तुळंच वर्तुळं होती. मी अण्णांना विचारलं, हे काय रंगवलंय?

"रंगवलेलं नाही. तारेच आहेत," अण्णा म्हणाले. "कॅमेऱ्याचं झाकण दोन-दोन तास उघडं ठेवायचं. पृथ्वी फिरते, तशी ताऱ्यांची रेघ उमटत जाते. मधला तो ठिपका ध्रुव. तो हलत नाही."

मी ते कॅलेंडर उन्हात नेऊन कितीतरी वेळ बघत उभी राहिले. मग आत येऊन म्हणाले, "अण्णा, आपल्याकडचे तारे असेच निघतील?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी "कशाला?" असं विचारलं नाही. "पठारावर जावं लागेल," एवढंच म्हणाले. "आणि अमावस्या धरावी लागेल."

म्हणून पौषातल्या अमावस्येला आम्ही वरच्या निवळवाडीच्या कातळावर उभे होतो. ही पठारावर पवनचक्क्या यायच्या आधीची गोष्ट. तेव्हा वर गेलं की वीस-पंचवीस घरांची एक वाडी, तिथली शाळा, चार-दोन विजेचे खांब, आणि मग नुसतं मोकळं पठार. त्या पठारावर एकच हिरड्याचं झाड होतं. ते मी चौकटीत खाली घेतलं होतं. जवळच बायजाक्का येडगे म्हणून धनगर बाईचं घर होतं. अण्णांनी तिच्या मुलाच्या लग्नाचे फोटो काढले होते, म्हणून मुक्कामाची सोय झाली.

सूर्य बुडाला. माझं जग नेहमीसारखं मिटलं. थोड्या वेळानं अण्णा म्हणाले, "ध्रुव सापडला. झाडाच्या बरोबर वर आहे. सोड."

माझ्या हातात कॅमेऱ्याची लांब तार होती. मी तिचं बटण दाबलं, ते दाबलेलंच राहावं म्हणून स्क्रू आवळला. झडप उघडल्याचा बारीकसा आवाज आला. मग आम्ही बापलेक घोंगडी पांघरून बसून राहिलो. दोन तासांनी मी स्क्रू सोडला.

घरी येऊन फिल्म धुतली तर नुसता राखाडी गोळा. लेन्सवर दव साचलं होतं. ताऱ्यांऐवजी दवाचा फोटो निघाला होता.

"पुढची अमावस्या," मी म्हणाले.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पुढच्या महिन्यात पाहुणे पक्कं करायला येणार आहेत. रात्रीबेरात्री रानात हिंडणारी मुलगी म्हणून तुझं नाव झालं तर?"

"अण्णा बरोबर असतात, आई."

"अण्णा बरोबर असतात! कुठं ठेचकाळलीस, कुणी बघितलं, म्हणजे? त्या वाडीच्या शाळेत कदम गुरुजी आहेत, माहीत आहे ना? मुलाचे सख्खे मामा. स्थळ त्यांनीच आणलंय. त्यांच्या डोळ्यांसमोर जाऊन नाचणार आहेस तू."

"गुरुजी वाडीत राहतात. आम्ही कातळावर असतो."

आईनं हातातलं पातेलं जरा जोरात ठेवलं. अण्णा वर्तमानपत्रातून बाहेर आले नाहीत.

माघाची अमावस्या शिवरात्रीच्या पाठोपाठ आली. या वेळी बायजाक्कानं जाडसर फडक्यात कोमट राख बांधून दिली आणि ती पुरचुंडी आम्ही लेन्सच्या गळ्याभोवती गुंडाळली. काचेला ऊब राहिली की दव धरत नाही. वारा नव्हता. अण्णा म्हणाले, आभाळ धुतल्यासारखं आहे. मी झडप उघडली.

अर्धाअधिक वेळ झाला असेल. बायजाक्काची कुत्री भुंकायला लागली. मग वाडीच्या बाजूनं पिवळे ठिपके निघाले. वर-खाली होत, एकामागून एक. माझ्या काळोखात तेवढेच मला दिसत होते.

"अण्णा, बॅटऱ्या आहेत."

"बघतोय." अण्णांनी काळा पुठ्ठा लेन्ससमोर धरला. एखादी गाडी गेली तर तेवढ्यापुरता पुठ्ठा धरून भागतं, फक्त रेघ मध्येच तुटते. पण हे ठिपके जाणारे नव्हते. ते आमच्याकडंच येत होते.

"कोण हाय रं तितं? हलायचं न्हाई!"

माणसं धापा टाकत आली. काठ्या कातळावर आपटल्याचे आवाज झाले. बॅटरीचा झोत माझ्या तोंडावर पडला आणि मला नुसतं पांढरं दिसलं.

"बाईमाणूस हाय की संगं!"

"अमुशाच्या रातीला तिवई मांडून काय चाललंय?" हा आवाज जाड, हुकमाचा होता. तो पोलीस पाटील ज्ञानू झोऱ्यांचा, हे नंतर कळलं. "मागल्या महिन्यालाबी आमावस्येलाच आला हुता. आमच्या गुराख्यानं बघितलं हुतं."

"फोटो काढतोय हो," अण्णा म्हणाले.

"कशाचा? अंधाराचा?"

काही जण हसले, पण ते हसणं बरं नव्हतं.

"ताऱ्यांचा."

"तारं काय पळून चाललं व्हय? पुनवंला काढा की, उजेड तरी आसंल. आमुशालाच बरं तारं दिसत्यात तुमाला! आवं, गेल्या साली आसंच दोघं आलं. फोटूच काढतोय म्हनलं. आन् सकाळी बघतोय तर द्येवाम्होरची शिळा उकरल्याली. गुप्तधन पायजे हुतं भाड्यांना. त्या साली वाडीतली तीन गुरं मेली."

लोक चिडले होते आणि त्यांच्या चिडण्याला कारण होतं. अण्णा समजावत राहिले, पण दोन बॅटऱ्या आमच्या पिशवीत घुसल्या होत्या, कुणीतरी राखेची पुरचुंडी ओढून काढली होती.

"ही बगा राख! आन् म्हनं फोटू!"

तेवढ्यात गर्दीमागून एक साफ, शाळेतला आवाज आला. "अहो, थांबा, थांबा. हे पाटणचे पानस्कर फोटोग्राफर आहेत. मी ओळखतो यांना." आणि मग तोच आवाज जरा अवघडून, "ही वैजयंता ना? आमच्या भाच्यासाठी जी…"

कदम गुरुजी.

"नमस्कार," मी म्हणाले आणि हात जोडले.

उत्तर भलत्याच बाजूनं आलं. गुरुजी म्हणाले, "मी इकडं आहे, ताई."

मी वळले, पाऊल टाकलं आणि स्टँडच्या पायात अडकून गुडघ्यावर पडले. कॅमेरा अण्णांनी धरला असावा, कारण तो पडल्याचा आवाज आला नाही.

"पायाला लागलंय तिच्या," अण्णा घाईघाईनं म्हणाले. "येताना मुरगळला होता."

माझा गुडघा सोलवटला होता. मला आईचा चेहरा आठवला. "डोकं दुखतंय", "बरं नाही", आणि आता "पाय मुरगळलाय". मी उठून उभी राहिले. कुठं बघून बोलावं ते कळत नव्हतं, म्हणून मी सरळ समोर बघितलं.

"पाय मुरगळलेला नाही," मी म्हणाले. "मला दिसत नाही. दिवस मावळला की काहीच दिसत नाही. जन्मापासून. तुम्ही इथं किती जण आहात, ते मला माहीत नाही."

"वैजू," अण्णा हळू आवाजात म्हणाले.

"असू द्या, अण्णा. पाटील, तुम्ही म्हणालात तारे पळून चाललेत का. तुम्हाला ते रोज दिसतात, म्हणून तुम्हाला तसं वाटतं. मी एकवीस वर्षांत एक तारा बघितलेला नाही. एकसुद्धा. पण हा कॅमेरा दोन तास डोळा उघडा ठेवून बसतो. त्याला जे दिसतं ते कागदावर येतं. आणि कागद मला उन्हात बघता येतो. एवढ्यासाठी आम्ही येतो. तुमच्या देवाला आमचा हात लागलेला नाही."

एक काठी कातळावर आडवी ठेवल्याचा आवाज आला.

"मग आसं सांगायचं की आधी," पाटलांचा आवाज खाली आला होता. "पर पोरी, एवढी काय घाई? दिवाळीनंतर काढ. फुडल्या वर्साला काढ. जलम पडलाय."

"नाही पडलेला," मी म्हणाले. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. "मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय, दिवसाचंही हळूहळू जाणार. कडेकडेनं मिटत येणार. किती वर्षं लागतील ते त्यांनाही सांगता येत नाही."

माझ्या खांद्यावर अण्णांचा हात आला.

"तुला कुणी सांगितलं हे?" त्यांनी विचारलं. "आम्ही तर तुला…"

"डॉक्टरांच्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं, अण्णा. मी बाहेर बाकावरच बसले होते."

चार वर्षं त्यांनी ते माझ्यापासून लपवलं होतं आणि चार वर्षं मी मला माहीत असल्याचं त्यांच्यापासून. त्या कातळावर, परक्या माणसांच्या देखत, ते एकदाचं संपलं.

मग घराकडून बायजाक्काचा आवाज कडाडला. ती घोंगडी सावरत पळत आली होती.

"आरं मुडद्यानू, ऐकताय काय नुसतं? इझवा की त्या बॅटऱ्या! पोरीच्या फोटूत उजेड जातोय!"

पिवळे ठिपके एक-एक करून गेले. माझ्यापुढं पुन्हा सपाट काळोख झाला, पण या वेळी तो माणसांनी भरलेला होता.

"आता उपयोग नाही, बायजाक्का," अण्णा म्हणाले. "आजचा गेला."

पाटलांनी खाकरून घसा साफ केला. "फुडली आमावस्या म्हंजी पाडव्याची आदली रात. या तुमी. निवळवाडीत दिवा लागायचा न्हाई. माजा शबुद हाय."

घराकडं जाताना गुरुजी माझ्या शेजारून चालत होते. त्यांच्या वहाणांचा आवाज येत होता.

"हे आम्हाला आधी सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "हवं होतं."

आठवडाभरात निरोप आला. मुलगा सध्या लग्नाला तयार नाही. आईनं तो उभ्यानं ऐकला आणि आत जाऊन तांदूळ निवडत बसली. संध्याकाळपर्यंत तिनं तेच तांदूळ दोनदा निवडले.

"एका फोटोपायी," ती शेवटी म्हणाली.

"फोटोपायी नाही गं. खरं होतं म्हणून. लग्नानंतर पहिल्याच रात्री कळलं असतं."

"कळलं असतं तर कळलं असतं! लग्न तरी झालं असतं. अगं, आम्ही काय जन्माला पुरणार आहोत? मी गेल्यावर तुला अंधारात हात धरून कोण नेणार, सांग. कोण?"

आई इतकी वर्षं लाजेनं लपवत होती असं मला वाटायचं. ती भीतीनं लपवत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले, तर ती सूप घेऊन उठून गेली. त्यानंतर कामापुरतंच बोलायची.

फाल्गुनातल्या अमावस्येला आम्ही निघालो तेव्हा ती दारात आली नाही. पण गाडीला अडकवलेल्या पिशवीत भाकऱ्यांचं फडकं आणि माझा लोकरी स्वेटर ठेवलेला होता.

पठारावर पोचलो तर वाडीतली माणसं आमच्या आधीच कातळावर येऊन बसली होती. बायका, म्हातारी, कडेवरची पोरं. मी उजेडात बघून घेतलं, तेव्हा पहिल्यांदाच मला त्यांचे चेहरे दिसले. पोलीस पाटील आवाजावरून मला आडदांड वाटले होते, प्रत्यक्षात ते बुटके, गोलमटोल होते आणि त्यांच्या कानात भिकबाळी होती.

"सगळ्यांनी दिवस असतानाच जेवणं उरकल्याती," ते म्हणाले. "चुली इझवल्या. खांबाव्हरलं दिवं वायरमनला सांगून बंद केलं. कुत्री खोपटात बांधली. आनि काय करायचं सांगा."

"बिडी नको," अण्णा म्हणाले.

"ऐकलं का रं? बिडी न्हाई!"

मी चौकट लावली. तोच हिरडा, तेच उत्तरेचं आभाळ. फाल्गुनात त्याची पानं झडून फांद्या मोकळ्या झाल्या होत्या आणि ते मला अधिकच आवडलं. फोकस, चिकटपट्टी, राखेची पुरचुंडी. सूर्य गेला. अण्णांनी ध्रुव सांगितला. मी तार दाबली.

पहिला थोडा वेळ सगळे श्वास धरून बसल्यासारखे बसले होते. मग बायजाक्का कुजबुजली, "बोललं तर चालंल न्हवं? फोटूत आवाज येत न्हाई न्हवं?"

अण्णा हसले. मग सगळेच हसले, आणि बायजाक्का माझ्याजवळ सरकून बसली. तिनं माझं मनगट धरलं, माझं बोट सरळ केलं आणि आभाळाकडं वळवलं.

"हितं म्हातारीची बाज हाय. चार खुरं, आन् ह्ये बग, मागं तीन चोर. म्हातारीची सोन्याची बाज पळवाया आल्याती. ती झोपत न्हाई म्हनून त्यास्नी पळवता येत न्हाई. रातभर तिच्या मागनं फिरत्यात."

"मामा याला सप्तर्षी म्हणायचा," मी म्हणाले.

"आसंल. आमची बाजच हाय."

माझं बोट तिच्या हातात फिरत होतं. पलीकडून कुणी म्हणालं, तिला मृग दाखव. दुसरं कुणी म्हणालं, त्यो तिकडं मावळतीला हाय, फोटूत न्हाई येणार. त्यांचं भांडण लागलं. मी त्या अंधारात बसून ऐकत होते. गच्चीवर मामा विचारायचा तेव्हा मी "दिसले" म्हणायची. इथं कुणी विचारतच नव्हतं. सगळे सांगत होते.

आणि मग खालून घरघर आली.

"येष्टी," पाटील म्हणाले. त्यांचा आवाज बदलला. "मुक्कामाची येष्टी! आरं, तिचं कुनाच्याच ध्यानात न्हाई!"

मुक्कामाची एसटी घाटाच्या शेवटच्या वळणावरून वर आली, की तिचे दिवे थेट कातळावर पडायचे. इंजिनाचा आवाज चढत होता. अण्णा पुठ्ठा घेऊन उठले. मला रेघ तुटायला नको होती. मी स्वेटरच्या बाह्या मुठीत आवळून धरल्या. पाच-सहा जण अंधारातच खाली पळाले, दगडांवर त्यांचे पाय धडपडल्याचं ऐकू आलं.

आवाज वळणाशी आला. आणि थांबला.

इंजिन बंद झालं. नंतर माणसांचा गलका, कुणीतरी कुणालातरी समजावतंय असा. अण्णा पुठ्ठा हातात तसाच धरून उभे होते.

"दिवे?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "वर काहीच आलं नाही."

काही वेळानं कातळावर पावलं वाजू लागली. पिशव्यांची सळसळ, एक रडणारं मूल, बांगड्या. अख्ख्या एसटीतली माणसं अंधारात चालत वर आली होती. त्यांच्यात ड्रायव्हर होता, तो वैतागून म्हणत होता, "आवं, माझी नोकरी जाईल. तुमचा गुरुजी मधोमध आडवा उभा राहिला, मी काय त्याच्या अंगावर घालू?"

"कोण गुरुजी?" मी विचारलं.

"ते काय. छत्री घेऊन उभे होते वळणावर," कंडक्टर म्हणाला.

कदम गुरुजी माझ्यापर्यंत आले नाहीत. दिवस मावळल्यापासून ते त्या वळणावर उभे होते, असं पाटील म्हणाले. एसटीचं सगळे विसरले होते, ते विसरले नव्हते. त्यांनी त्याबद्दल मला कधी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

ड्रायव्हर बसला. कंडक्टर बसला. कुणीतरी त्यांना आभाळातली म्हातारी आणि चोर सांगायला लागलं. वेळ झाली तेव्हा अण्णांनी माझ्या पाठीवर थाप दिली. मी स्क्रू सोडला आणि झडप मिटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"झालं?" पाटलांनी विचारलं.

"झालं."

मग त्या कातळावर अशी एकच आरोळी उठली की खोपटातली कुत्री वेड्यासारखी भुंकायला लागली.

पहाटे आम्ही पाटणला उतरलो. मी तोंडसुद्धा धुतलं नाही. सरळ डार्करूममध्ये गेले आणि दार लावलं. अण्णा बाहेर थांबले. "आत येऊ नका," मी त्यांना सांगितलं होतं, "तुम्हाला माझ्या आधी दिसेल." फिल्म धुतली, वाळवली. ती उजेडात नेऊन बघायचा मोह झाला, पण मी नाही बघितली. सरळ फोटो मोठा करायच्या मशीनमध्ये घातली आणि घरात होता तो सर्वांत मोठा कागद घेतला. लाल दिव्याखाली कागदावर चित्र उमटताना बघण्यात फोटोग्राफरचं सगळं सुख असतं म्हणतात. मला ते कधी मिळालं नव्हतं, तेव्हाही मिळालं नाही. मी आकडे म्हटले, कागद उचलला, पुढच्या ताटात बुडवला, पाण्यात धुतला. मग तसाच ओला, दोन्ही हातांनी कोपऱ्यांत धरून, परसात आले.

ऊन नुकतं भिंतीवरून खाली उतरलं होतं. मी खाली बघितलं.

तारे होते.

एक-दोन नाही. सबंध आभाळ तेच होतं. हिरड्याच्या मोकळ्या फांद्यांवर एक छोटा, जाडसर ठिपका होता, जवळजवळ स्थिर, आणि त्याच्याभोवती कमानींमागून कमानी, काही केसासारख्या बारीक, काही खडूनं ओढल्यासारख्या. एकही तुटलेली नव्हती. मी ठिपक्यापासून सुरुवात केली आणि एक-एक कमान बोटानं, कागदाला न शिवता, गिरवत गेले. उजव्या अंगाला वरच्या बाजूला सात ठळक रेघा होत्या. चार आणि मागं तीन. म्हातारीची बाज. ती मला कुणी दाखवायची गरज पडली नाही.

अण्णा मागं येऊन उभे राहिले होते. मग ते म्हणाले, "लोकांना सणसणीत चपराक बसली की दिवसा चांदण्या दिसतात. तू मार न खाताच बघितल्यास." आणि ते हसता हसता रडायला लागले. मी रडले नाही. मी इतकी आनंदात होते की मला पळत सुटावंसं वाटत होतं.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले तसंच झालं. हल्ली दिवसाही मला नळीतून बघितल्यासारखं, मधलं तेवढंच दिसतं. एका वेळी त्या फोटोतली एखादी कमान दिसते, मग मान वळवून पुढची. माझं लग्न झालं ते सगळं आधी सांगून झालं, उशिरा झालं, चांगलं झालं. 'प्रभात'ची डार्करूम मी बंद होईपर्यंत चालवली. निवळवाडीच्या शाळेत त्या फोटोची मोठी प्रत लागली. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी पाडवा होता, आणि आई अजून माझ्याशी नीट बोलत नव्हती.

ती गुढीची काठी पुसत दारात उभी होती. आमचं हसणं-रडणं ऐकून परसात आली. माझ्या हातातल्या कागदाकडं तिनं बघितलं, मग माझ्याकडं.

"हे तुला दिसतंय?" तिनं विचारलं.

"दिसतंय, आई."

"सगळं?"

"सगळं. इथं बघ, ही म्हातारीची बाज. हे तीन चोर. आणि हा ध्रुव."

मी बोट ठेवत गेले आणि ती बोटामागून बघत गेली. तिचा श्वास माझ्या गालाला लागत होता. रस्त्यावर घरोघरी गुढ्या उभ्या राहत होत्या, कडुलिंबाचे डहाळे, साखरेच्या गाठी घेऊन बायका दारांत आल्या होत्या. समोरच्या मालनकाकूंनी आमच्या बोळातून वाकून बघितलं आणि नेहमीसारखं विचारलं, "काय वैजू, काल रात्री देवळात दिसली नाहीस ती? डोकं दुखत होतं का गं?"

मी आईकडं बघितलं. तिनं काठी भिंतीला टेकवली. पदराला हात पुसले. माझ्या हातातून तो ओला फोटो अलगद काढून घेतला आणि पुढच्या दारानं थेट रस्त्यावर, सगळ्या आळीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. फोटो तिनं गुढीसारखा दोन्ही हातांनी वर धरला होता. त्यातलं पाणी तिच्या नव्या लुगड्यावर ओघळत होतं.

"मालनबाई, डोकं नव्हतं दुखत," ती म्हणाली, आणि इतक्या मोठ्यानं म्हणाली की कोपऱ्यावरच्या वाण्यानंही मान वर केली. "माझ्या वैजूला रात्री दिसत नाही. जन्मापासून दिसत नाही. इकडं या, सगळ्या जणी या. तिनं काय काढलंय ते बघा!"